बर्फ, मीठ आणि परदेश

परदेशाहून परतलेल्या माणसाला गावातले लोक कोणते प्रश्न विचारणार, हे ठरलेलं असतं. इटलीला जाऊन आलेल्यानं पिसाच्या कलत्या मनोऱ्याबद्दल बोलावं, मोठमोठ्या देवळांतल्या चित्रांबद्दल बोलावं, फार तर तिकडच्या महागाईबद्दल दोन उसासे टाकावेत, अशी अपेक्षा असते. मी शहाद्याला परतल्यावर मात्र ज्याला त्याला आईस्क्रीमबद्दल सांगत सुटलो. चार दिवस लोकांनी ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी एका स्नेह्यांनी विचारलं, "गुरुजी, एवढं विमानाचं भाडं भरून तुम्ही आईस्क्रीम खायला गेला होता की काय?"

खरं सांगायचं, तर गेलो होतो वेगळ्याच कामासाठी. आईस्क्रीम मध्ये आलं. पण ते काम काय होतं, हे सांगण्याआधी आमच्या उन्हाळ्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्याशिवाय एका साठी उलटलेल्या शिक्षकाला आईस्क्रीमचं एवढं अप्रूप का, हे पुण्यामुंबईच्या वाचकांच्या ध्यानात यायचं नाही.

आमच्या खानदेशात उन्हाळा हा ऋतू नाही, तो घरातला वडीलधारा माणूस आहे. तो आला की सगळ्यांनी आवाज खाली करायचा, दारंखिडक्या लावून घ्यायच्या आणि त्याची मर्जी फिरेपर्यंत मुकाट्यानं बसून राहायचं. तापीच्या खोऱ्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी सहज ओलांडतो. उत्तरेला सातपुडा आहे, त्यात तोरणमाळसारखं थंड हवेचं ठिकाण आहे, हिवाळ्यात डाबच्या बाजूला दंव गोठल्याच्या बातम्याही येतात. पण त्या गारव्यातला चमचाभरसुद्धा मे महिन्यात खाली शहाद्याला पोचत नाही.

अशा गावात माझ्या लहानपणी बर्फ ही पाहुण्यासारखी येणारी वस्तू होती. तेव्हा आमचा तालुका धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. नाना, म्हणजे माझे वडील, वर्षातून एकदाच नंदुरबारहून बर्फाची लादी आणत. लाकडाच्या भुशात घोळवलेली, गोणपाटात बांधलेली ती लादी एस. टी.च्या टपावरून यायची. निघताना ती लादी असे. शहाद्याच्या स्टँडवर उतरताना तिची वीट झालेली असे. टपावरून खिडक्यांवर ओघळणाऱ्या पाण्याबद्दल कंडक्टर दर वर्षी तक्रार करी आणि दर वर्षी नाना त्याला घरी आईस्क्रीम खायला बोलावीत.

हा दिवस आखाजीचा. अक्षय्य तृतीयेला उरलेला महाराष्ट्र काय करतो ते मला ठाऊक नाही, पण खानदेशात आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, घरोघर आमरस-पुरणपोळी होते. माझ्या तिन्ही आत्या आल्या की नाना माळ्यावरून आईस्क्रीमचा पॉट खाली काढीत. एरवी कोणाचंही लग्न असो, पॉट खाली येत नसे. "तो लेकींचा आहे," असं नाना म्हणत.

ज्यांनी तो पॉट पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बाहेर लाकडाची बादली, आत दुधाचा उभट डबा, डब्यात लाकडी पात्यांची रवी, वर दातेरी चक्र आणि बाजूला फिरवायचं हँडल. डबा आणि बादली यांच्यामधल्या जागेत फोडलेला बर्फ आणि जाडं मीठ थराथरानं भरायचं. नुसता बर्फ शून्य अंशाच्या खाली नेत नाही. त्यात मीठ पडलं की तो वितळू लागतो आणि वितळायला लागणारी उष्णता आतल्या दुधातून ओढून घेतो. मिठाचं प्रमाण नेमकं जमलं तर खारं पाणी शून्याखाली एकवीस अंशांपर्यंत उतरू शकतं. नाना शाळेत शास्त्र शिकवत नसत, त्यांचं किराणा दुकान होतं, पण ते आम्हां पोरांना एवढंच सांगत, "बर्फ वितळतो म्हणून दूध गोठतं." आम्ही पाळीपाळीनं हँडल फिरवायचो. शेवटी ते इतकं जड होई की पॉटच उचलला जाई. मग त्यावर गोणपाटाची घडी ठेवून सर्वांत वजनदार आत्याला बसवीत. हँडल मुळीच हलेनासं झालं की समजायचं, आईस्क्रीम झालं. उघडून बघायची परवानगी नव्हती.

आता कामाकडे वळतो. आमची एकुलती एक लेक शेतकी शिकली. पिकांवरच्या रोगांचा अभ्यास करता करता ती इटलीत बोलोन्याच्या विद्यापीठात जाऊन पोचली. हे विद्यापीठ १०८८ साली सुरू झालं असं मानतात, म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरांचा जन्म व्हायला अजून दोनशे वर्षं अवकाश होता. लेक तिथं दोन वर्षांसाठी म्हणून गेली. दोनाची चार झाली. गावात लोक विचारू लागले, "ताई परत कधी येणार?" या प्रश्नाला मी "बघू" म्हणत असे आणि सौ. स्वयंपाकघरात निघून जात असे. अखेर २०१९च्या जून महिन्यात आम्ही दोघं सहा आठवड्यांसाठी तिच्याकडे निघालो. हा एकच प्रश्न तिला समोरासमोर विचारायचा, असं आमचं विमानातच ठरलं. मी विचारायचा, सौ.नं फक्त शेजारी बसायचं.

बोलोन्या हे गाव मला पाहताक्षणी आवडलं. कारण तिथं ओसरी आहे. रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना घरांच्या खालून कमानींच्या छायेतून जाणारे पादचारी मार्ग आहेत. जुन्या शहरातच त्यांची लांबी अडतीस किलोमीटरच्या आसपास भरते. पुढे २०२१ साली युनेस्कोनं त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घातलं. ऊन लागू नये म्हणून अख्ख्या गावानं एकच ओसरी काढावी, ही कल्पना सुचणारी माणसं खानदेशी नसली तरी खानदेशी माणसाला ती परकी वाटणं शक्य नाही.

त्यात आमच्या मुक्कामातच युरोपात उष्णतेची मोठी लाट आली. २८ जूनला दक्षिण फ्रान्समध्ये पारा ४६ अंशांवर गेला. बोलोन्यातही माणसं कासावीस झाली होती. लेकीच्या शेजारच्या आजीबाई रोज जिन्यात भेटल्या की कपाळाला हात लावून काहीतरी म्हणत. सौ. त्यांच्याकडे सहानुभूतीनं बघे आणि मला हळूच म्हणे, "यांना एकदा मे महिन्यात आपल्या घरी बोलावलं पाहिजे."

या उकाड्यामुळे रोज संध्याकाळी आईस्क्रीम खायला बाहेर पडायचा शिरस्ता पडला. इटलीत त्याला 'जेलातो' म्हणतात. लेकीनं पहिल्याच दिवशी आम्हांला दुकानाची पारख शिकवली. "आप्पा, पिस्त्याचं आईस्क्रीम पोपटासारखं हिरवं दिसलं की पुढे चालू लागायचं, खऱ्या पिस्त्याचा रंग मळकट असतो. केळ्याचं पिवळंधमक असेल तरी तेच. आणि जिथं ढिगाऱ्यावर ढिगारा रचून ठेवलाय, तिथं हवाच जास्त भरलेली असते." चांगल्या दुकानात आईस्क्रीम दिसतच नाही. ते गल्ल्याच्या फळीत बसवलेल्या खोल डब्यांत झाकणाखाली असतं. दुकानदार झाकण उचलतो, चपट्या सुरीनं घोळून घोळून ते कोनावर थापतो आणि झाकण पुन्हा लावतो. आमच्या शिंकाळ्यातल्या दह्याला जी अदब मिळे, तीच.

जेलातो आपल्या नेहमीच्या आईस्क्रीमपेक्षा वेगळं लागतं, त्याची कारणंही तिनं सांगितली. त्यात साय कमी आणि दूध जास्त. घुसळताना हवा कमी भरतात. आणि ते वाढतात तेव्हा आपल्या आईस्क्रीमइतकं गार नसतं. त्यामुळे जीभ बधिर होत नाही आणि चव आधी कळते, गारवा मागून येतो. आपल्याकडे तर हल्ली वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचावी लागतात. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरलं असेल तर कायद्यानं त्याला आईस्क्रीम म्हणता येत नाही, 'फ्रोझन डेझर्ट' म्हणावं लागतं. नाव इंग्रजी असल्यामुळे गिऱ्हाइकाला वाटतं, हे काहीतरी वरच्या दर्जाचं असणार!

सौ.पुढे मात्र वेगळाच पेच होता. तिथल्या 'क्रेमा' नावाच्या प्रसिद्ध प्रकारात अंड्याचा बलक असतो. हे समजल्यावर तिनं चमचा खाली ठेवला आणि पुढचे आठ दिवस ती फक्त 'फिओर दि लात्ते' खात राहिली. त्याचा अर्थ 'दुधाचं फूल'. नुसतं दूध, साय, साखर. तिच्या मते एवढ्या लांब येऊन खाण्यासारखी तीच एक वस्तू होती, कारण ती आपल्या बासुंदीच्या कुळातली होती.

मग १२ जुलै आला. आषाढी एकादशी. सौ.चा उपास. त्या दिवशी मी आणि लेक दुकानात शिरलो तेव्हा ती बाहेर कमानीखालीच उभी राहिली. लेक म्हणाली, "आई, लिंबाचं 'सोर्बेत्तो' आहे. यात दूध नाही, अंडं नाही. लिंबू, पाणी, साखर. उपासाला चालेल." सौ.नं दुकानदाराला विचारून यायला सांगितलं. त्यानं छातीवर हात ठेवून खात्री दिली. तिनं जिभेच्या टोकावर एक चमचा ठेवला, डोळे बारीक केले आणि ऐन बोलोन्याच्या चौकात अस्सल अहिराणीत निकाल दिला, "हाई ते आपलं लिंबूनं सरबतच शे!"

आम्ही बापलेक हसलो. पण रात्री लेकीनं शब्दकोश काढून दाखवला, तो सौ.च्याच बाजूनं निघाला. 'सोर्बेत्तो' आणि 'सरबत' हे सख्खे भाऊ आहेत. अरबीत 'पिणे' या अर्थाच्या धातूपासून निघालेला शब्द एकीकडे फारसीच्या वाटेनं आपल्याकडे येऊन 'सरबत' झाला. दुसरीकडे तुर्कांच्या तोंडून इटलीत जाऊन 'सोर्बेत्तो' झाला. आपली कुल्फीसुद्धा फारसीतलीच, 'झाकणाचं भांडं' या अर्थाची. एकूण काय, गारव्याला पासपोर्ट लागत नाही. सौ.ला या भाषाशास्त्राचं काहीच नवल वाटलं नाही. "जिभेला कळतं ते पुस्तकात कशाला बघायचं?" एवढंच म्हणून ती झोपली.

पुढे चार दिवस आम्ही सिसिली बेटावर कतानियाला गेलो. तिथं लोक सकाळच्या न्याहारीला 'ग्रानिता' खातात. बदामाचा, लिंबाचा, तुतीचा रवाळ बर्फ आणि त्यात बुडवायला लोण्याचा मऊ पाव. आंघोळीच्या आधी बर्फ खाणारी माणसं पाहून सौ.नं कानाला हात लावला. तिसऱ्या दिवशी मात्र ती आमच्या आधी तयार होऊन बसली होती. समोर एटना ज्वालामुखी धुमसत होता. पूर्वी याच डोंगरावरचा हिवाळ्यातला बर्फ खड्ड्यांत दाबून, वर पालापाचोळा घालून उन्हाळ्यापर्यंत राखून ठेवीत आणि रातोरात खाली शहरात आणीत. हे ऐकताना मला एस. टी.चा टप दिसत होता. या बेटाच्या प्रोकोपिओ नावाच्या माणसानं १६८६ साली पॅरिसमध्ये उपाहारगृह काढलं आणि तिथल्या बड्या लोकांना बर्फाची चटक लावली. आपल्याकडे मुंबईत जमशेटजी जिजीभाईंनी १८३४ साली मेजवानीत आईस्क्रीम दिलं आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली, असं सांगतात. पॅरिसच्या लोकांच्या सर्दीची नोंद कोणी ठेवली असेल तर ती माझ्या वाचनात नाही.

तिथल्या पाट्यांवर एक गोष्ट मला फार आवडली. नुसतं 'पिस्ता' असं लिहीत नाहीत, 'ब्रोंतेचा पिस्ता' लिहितात. ब्रोंते हे एटनाच्या कुशीतलं एक गाव. हेझलनट असेल तर पिएमोंतेचा, लिंबू असेल तर सिराकुसाचं. खाणाऱ्याच्या तोंडात पदार्थाबरोबर गावाचं नावही जातं. मी मनातल्या मनात पाट्या रंगवू लागलो, 'तोरणमाळचं सीताफळ', 'धडगावचा आंबा'. आमच्या नवापूरच्या तूरडाळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे मी लेकीला सांगितलं. तिला ते आधीच ठाऊक होतं.

असे दिवस चालले होते. रोज संध्याकाळी मी तो प्रश्न घेऊन निघत असे आणि पिस्ता की चॉकलेट, एवढंच विचारून परत येत असे. परतीला पाच दिवस उरले असताना लेक आम्हांला बोलोन्याजवळ आन्झोला गावी आईस्क्रीमच्या संग्रहालयात घेऊन गेली. होय, आईस्क्रीमचंही संग्रहालय असतं! तिथली आईस्क्रीमची यंत्रं बनवणाऱ्या, १९४६ साली स्थापन झालेल्या कार्पिजानी कंपनीनं ते २०१२ साली उघडलं. जुन्या यंत्रांच्या रांगेत हातानं फिरवायचा पॉट समोर आला आणि मी थबकलो. असा हँडलचा पॉट १८४३ साली नॅन्सी जॉन्सन नावाच्या अमेरिकन बाईंनी पेटंट घेऊन जगाला दिला. पुढे १९२७ साली बोलोन्याच्याच ओतेल्लो कात्ताब्रिगा नावाच्या कारागिरानं विजेवर चालणारं यंत्र बनवलं; त्यात आईस्क्रीम भांड्याच्या कडेपासून खरवडून पुन्हा थापण्याची माणसाच्या हाताचीच लकब त्यानं उतरवली होती.

मी लेकीला आत्यांची, पॉटवर बसवण्याची, कंडक्टरची गोष्ट सांगू लागलो. तिनं ती शंभरदा ऐकलेली होती. मध्येच तिनं मला थांबवलं. "आप्पा, तुम्ही रोज काहीतरी विचारायला निघता आणि आईस्क्रीम खाऊन परत येता. विचारा ना."

मी सौ.कडे बघितलं. सौ. पॉटकडे बघत होती. मग मीच म्हणालो, "गावात लोक विचारतात, परत कधी येणार?"

"लोकांना मी सांगीन. तुम्ही काय विचारता?"

मला पुढे शब्द सापडेना. ती म्हणाली, "मला इथं पक्की नोकरी देताहेत. काम माझ्या आवडीचं आहे. मी राहायचं ठरवलंय, आप्पा. तुम्हांला फोनवर सांगायचं नव्हतं, म्हणून तुम्हांला इकडे बोलावलं."

म्हणजे एकच प्रश्न घेऊन आम्ही विमानात बसलो होतो आणि त्याचंच उत्तर घेऊन ती विमानतळावर उभी होती. मला राग आला नाही असं म्हणणं खोटं होईल. शहाद्याचं घर, तापीकाठचं शेत, आखाजीचा झोका असं सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. पण सौ. शांतपणे म्हणाली, "नाना काय म्हणायचे? हँडल हलेनासं झालं की उघडून बघायचं नाही. झालं समजायचं." आणि लेकीला म्हणाली, "चल पोरी, इथं चाखायला देतात ना काहीतरी?"

त्या संध्याकाळी नेहमीच्या दुकानदारानं आमचा निरोप घेताना विचारलं, तुम्ही कुठले? मला वाटलं, लेक 'इंडिया' म्हणेल. ती म्हणाली, "नंदुरबार." त्यानं मान डोलावली, जणू त्याचं तिथं जाणंयेणं होतं, आणि सुरीवरचा आणखी एक थर माझ्या कोनावर थापला.

हे वर्णन इथं संपायला हरकत नव्हती. पण पुढचं वर्ष २०२० होतं. ९ मार्चच्या रात्री सारी इटली बंद झाली. बोलोन्याच्या प्रांतात करोनाची साथ फार मोठी होती. २२ मार्चपासून आपल्याकडे येणारी विमानं थांबली आणि २५ मार्चला, गुढी पाडव्याच्या दिवशी, आपलेही दरवाजे बंद झाले. लेक तिकडे एका खोलीत एकटी. आम्ही इकडे दोघं. रात्री फोन वाजला की आधी छातीत वाजे. "राहायचं ठरवलंय" या तिच्या शब्दांचा जो अर्थ आन्झोलाला कळला नव्हता, तो त्या दोन महिन्यांत रोज थोडाथोडा कळत गेला.

२६ एप्रिलला आखाजी आली. सौ.नं पुरण शिजवलं नाही. दुपारी लेकीचा फोन आला, चेहरा दिसणारा. "आई, आपल्याकडे आखाजीला पॉट निघतो ना? दुकानं बंद आहेत. मला सांगा, पॉट नसेल तर कसं करायचं?"

मी खुर्ची पुढे ओढली. एक लहान डबा, घट्ट झाकणाचा, त्यात आटवलेलं दूध आणि साखर. तो एका मोठ्या पातेल्यात. मध्ये फ्रीजमधला बर्फ, टॉवेलात बांधून लाटण्यानं फोडलेला. थरावर थर जाडं मीठ. हँडल नाही, तेव्हा डबा हातानं फिरवायचा. दर पाच मिनिटांनी झाकण काढून कडेचं खरवडून आत घ्यायचं. तिनं फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि डबा फिरवायला सुरुवात केली. अर्धा तास आम्ही दोघं तिचे हात बघत बसलो. मधूनमधून मी विचारी, "जड लागतंय का?" ती म्हणे, "नाही अजून." सौ. म्हणे, "मीठ घाल." बोटं गारठली की ती बगलेत धरून ऊब घेई आणि पुन्हा फिरवायला लागे. शेवटी ती म्हणाली, "आप्पा, आता चमचा उभा राहतोय." तिनं पहिला घास घेतला, थोडा वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, "हाई ते आपलंच शे." सौ. उठली आणि स्वयंपाकघरात गेली. या खेपेला ती पुरण लावायला गेली होती.

२०२२च्या आखाजीला लेक घरी आली, पंधरा दिवस राहिली आणि परत गेली. आता ती तिकडचीच आहे, आणि आमचीही आहे. लोक अजून विचारतात, ताई परत कधी येणार? मी त्यांना बसवतो आणि बोलोन्याच्या आईस्क्रीमबद्दल सांगायला लागतो. त्यांना वाटतं, गुरुजी विषय टाळताहेत. मी मात्र त्यांच्याच प्रश्नाचं उत्तर देत असतो.

सौ. एवढ्या लांबणीवर जात नाही. दर आखाजीला सकाळी ती फोन लावते आणि तब्येतपाण्याची चौकशी करण्याआधी एकच गोष्ट विचारून घेते, "पोरी, घरात जाडं मीठ आहे ना?"